सिम कोणाच्या नावावर आहे? आईचा जुना नंबर टिकवताना काय काय करावं लागलं

आमच्या घरचा सगळ्यात जुना मोबाइल नंबर अखेर आईच्या नावावर झाला आणि गावात रेंज असलेल्या कंपनीकडेही गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेलं काम मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. मधल्या काळात ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. बरेच जण म्हणाले, सोडून द्या तो नंबर, नवीन सिम घ्या. तसं केलं असतं तर आईची निम्मी कामं अडली असती. अशी अडचण आमच्या पट्ट्यात घरोघरी आहे हे या निमित्तानं कळलं, म्हणून तारखा, कागद, खर्च सगळं लिहून ठेवतो आहे. आमची आधीची कंपनी कोणती आणि आताची कोणती हे लिहीत नाही. नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. शेती कोरडवाहू, कापूस, सोयाबीन, तूर. बाबांनी हे सिम २००९ साली घेतलं, बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या एका मुलाकडून. एक फोटो, मतदार कार्डाची झेरॉक्स, झालं. तेव्हापासून घरात कोणतंही फॉर्म भरायचं असलं की मोबाइल नंबरच्या रकान्यात तोच नंबर जायचा. आईचं बँक खातं, तिचं आधार, गॅस, रेशन कार्ड, बाबा गेल्यावर वारस फेरफार होऊन शेत आईच्या नावावर आलं तेव्हाची पीएम किसानची नोंदणी, सगळीकडे तोच. बाबा २०२२ साली गेले. फोन आणि नंबर आईकडे राहिला. तिच्या माहेरच्या सगळ्यांना हाच एक नंबर तोंडपाठ आहे.

या नंबरच्या आयुष्यात आणि त्याच्या आधीही कंपन्यांची किती उलथापालथ झाली, ते आमच्या गावातल्या किराणा दुकानाच्या शटरवर दिसतं. कंपन्या फुकटात शटर रंगवून द्यायच्या, म्हणून दुकानदारानं प्रत्येकाला रंगवू दिलं. आता उन्हानं वरच्या रंगाचे पोपडे सुटतात आणि खालून आधीचे निघतात. लाल निघाला की पिवळा, पिवळ्याखाली निळा, आणि कुलुपाच्या कडीजवळ, जिथे हात सारखा लागतो, तिथे हचचा गुलाबी अजून बोटभर शिल्लक आहे.

मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून टेलिकॉमचं एकच सर्कल आहे. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं त्यात येतं. इथे नव्वदच्या दशकात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या दोन कंपन्या आल्या. बिर्लांच्या कंपनीचं २००२ मध्ये आयडिया झालं. बीपीएलचं इकडचं जाळं हचकडे गेलं आणि सप्टेंबर २००७ मध्ये हचच्या जागी व्होडाफोनचा बोर्ड लागला. ९८२२ म्हणजे आयडिया, ९८२३ म्हणजे हच, ९८९० एअरटेल, ९४२२ बीएसएनएल, हे तेव्हा लहान पोरालाही माहीत होतं. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखणं संपलं.

पुढची पडझड तर फार जवळून पाहिली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फुकट कॉल आणि फुकट डेटा घेऊन, आणि त्या दरात टिकणं बाकीच्यांना जड गेलं. १ डिसेंबर २०१७ पासून रिलायन्स कम्युनिकेशन्सवर बोलणं बंद झालं. एअरसेलनं जानेवारी २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातली सेवा थांबवली. युनिनॉरचं २०१५ मध्ये टेलिनॉर झालं होतं, ते मे २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेलं. टाटा डोकोमोचे ग्राहकही १ जुलै २०१९ ला एअरटेलमध्ये आले. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाले आणि ७ सप्टेंबर २०२० पासून त्यांचं नाव 'वी' झालं. इतक्या सगळ्यांत आमच्या गावातल्या माणसाला कुठेही सही करावी लागली नाही. कंपनी बंद पडली तर धावपळ करून नंबर दुसरीकडे न्यावा लागला; पण एक कंपनी दुसरीत गेली तेव्हा नंबर आणि त्यामागचं रेकॉर्ड आपोआप नव्या मालकाकडे गेलं. रेकॉर्ड जसं असेल तसंच गेलं. त्यात कोणाचं नाव लिहिलं आहे, ते बघायची वेळच कोणावर आली नाही.

आमच्यावर ती आली फेब्रुवारीत.

त्याआधी बरेच महिने रेंज कमी होत चालली होती. विलीनीकरणानंतर गावाजवळच्या टॉवरवरची आमच्या कंपनीची यंत्रं उतरवली आणि सगळा भार चार किलोमीटरवरच्या टॉवरवर गेला. मग घरात फोन लागेना. गावातल्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून गेलं की दोन काड्या यायच्या. २४ फेब्रुवारीला पीएम किसानचा एकोणिसावा हप्ता जमा झाला, पण आईच्या फोनवर बँकेचा मेसेज आला नाही. पैसे आले की नाही हे बघायला तिला दारव्ह्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणावं लागलं. मी १९८ वर तक्रार केली. हा तक्रारीचा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखा आहे आणि कॉल फुकट आहे. तक्रार घेतल्यावर डॉकेट नंबर येतो, तो वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं तर तोच लागतो. माझी तक्रार थोड्याच दिवसांत 'निकाली' निघाल्याचा मेसेज आला. रेंज होती तशीच राहिली.

त्याच सुमारास मेसेज आला की तुमचं सिम जुनं आहे, नवीन फोर-जी सिम घ्या. आणि लगेच दोन दिवसांनी आईला एका अनोळखी माणसाचा फोन आला. कंपनीतून बोलतो, कंपनीचं नाव बदललं आहे, केवायसी आज केलं नाही तर सिम बंद होईल, ओटीपी सांगा. आई टाकीवर नव्हती, आवाज तुटत होता, म्हणून तिनं फोन माझ्याकडे दिला आणि तेवढ्यात कट झाला. हे नीट लक्षात ठेवा: नाव बदललं, विलीनीकरण झालं, सिम जुनं झालं, ही कारणं सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर तो चोर समजावा. कंपनीच्या नावबदलामुळे ग्राहकाला काहीच करावं लागत नाही. असा फोन आला तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे त्या नंबरची खबर देता येते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावावा.

सिम बदलायचंच होतं, म्हणून ३ मार्चला आईला घेऊन दारव्ह्याला गेलो. कंपनीचं दुकान बंद. शेजारच्या टेलरनं सांगितलं, दोन कंपन्या एक झाल्यापासून कारभार यवतमाळहूनच चालतो. तसेच यवतमाळच्या गाडीत बसलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून दोघांचं भाडं सोसण्यासारखं होतं. चहा-नाश्ता धरून अशा एका दिवसाला दोन-अडीचशे रुपये जातात, आणि शेतातलं काम पडतं ते वेगळं.

यवतमाळच्या दुकानात टोकन घेऊन तासभर बसलो. मी जय्यत तयारीनं गेलो होतो: बाबांच्या मृत्यूचा दाखला, फेरफाराची नक्कल, आईचं आधार, बाबांचं आधार, सगळं पिशवीत. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे सिम तुमच्या नावावर नाही."

"माह्या नाई, यायच्या बाबाच्या नावानं आहे," आई म्हणाली.

"त्यांच्याही नावावर नाही, काकू."

मग कोणाच्या? ते ती सांगेना. तिचं बरोबर होतं. दुसऱ्याची माहिती तिला देता येत नाही. आम्ही नावं घ्यायची आणि तिनं हो किंवा नाही म्हणायचं, असंही करता येत नाही म्हणाली. ज्याच्या नावावर आहे त्याला मूळ आधार घेऊन इथे आणा, एवढंच. आई परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर बघत बसली. बाबांनी घेतलेला नंबर बाबांचा नाही, हे तिला लागलं होतं. शेवटी लोहाऱ्याच्या पुढे कधीतरी म्हणाली, "मी इतके वर्सं ज्याच्यावर बोलून रायली, ते सिम हाय तरी कोनाचं?"

उत्तर संचार साथीवर मिळालं. हे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं पोर्टल आहे, मे २०२३ मध्ये सुरू झालं. त्यात आपला कोणताही चालू नंबर टाकून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत त्याची यादी येते. मी माझ्या नंबरनं बघितलं, माझ्या यादीत नव्हता. भद्रावतीला ताईला फोन केला, तिनं तिच्या फोनवर बघितलं. तिच्या यादीत बाबांचा नंबर होता.

मग सगळं आठवलं. २०१७ च्या वर्षात सगळ्या मोबाइल नंबरांची आधारवरून फेरपडताळणी चालू होती आणि ६ फेब्रुवारी २०१८ ही शेवटची तारीख म्हणून सगळीकडे सांगितलं जात होतं. जानेवारीत गावात एक मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसला होता. तो कापूस वेचणीचा हंगाम. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागून लागून बाबांच्या अंगठ्यावरच्या रेषा राहिल्याच नव्हत्या; भेगा पडलेल्या आणि त्यात काळी माती बसलेली. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा. खोबरेल लावून बघितलं, ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, डावा, उजवा, सगळी बोटं. रांग मागे खोळंबलेली. तेव्हा ताईचं लग्न व्हायचं होतं, ती सोबत होती. त्या मुलानंच सांगितलं, घरच्या कोणाचाही अंगठा चालतो. ताईनं अंगठा दिला, हिरवा दिवा लागला, नंबर चालू राहिला. त्या एका अंगठ्यानं सिम ताईच्या नावावर गेलं होतं. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं मोबाइलला आधारची सक्ती रद्द केली, पण आमच्या रेकॉर्डवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. आणि कंपनी बदलली, बोर्ड बदलला, तरी ते रेकॉर्ड तसंच पुढे सरकत आलं.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, बोटं घासलेली आहेत, त्यांनी हे जरूर तपासावं. त्या काळात किती सिमं अशी मुलाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या नावावर गेली असतील!

ताईला लगेच येणं शक्य नव्हतं. मुलांच्या परीक्षा होत्या. तोपर्यंत नंबर जिवंत ठेवणं हे माझं काम. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. मी रिचार्ज संपू दिला नाही आणि दर आठवड्याला टाकीवर जाऊन आईच्या फोनवरून एक कॉल करत राहिलो.

३० एप्रिलला अक्षय तृतीया होती. बाबांच्या नावाची घागर भरायला ताई आली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून २ मेला शुक्रवारी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं यवतमाळला गेलो. मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. दुपारी बारानंतर बाहेर पडायचं नाही असं ठरवूनच निघालो होतो.

नाव बदलून देण्याचा मार्ग सरळ आहे, असं दुकानातल्या मॅनेजरनं सांगितलं: रक्ताच्या नात्यात सिम एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं, देणाऱ्याची संमती आणि घेणाऱ्याचं नवीन केवायसी लागतं. आई आणि मुलगी, त्यात शंकेला जागा नव्हती. अडलं ते ताईच्या नावावर. २०१८ च्या रेकॉर्डवर तिचं माहेरचं नाव, आणि आधारवर लग्नानंतरचं, मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळं. फक्त पहिलं नाव आणि जन्मतारीख जुळत होती. मॅनेजर भला माणूस होता, पण सिस्टीम पुढे जाईना.

"लग्नाआधीच्या नावाचं काही ओळखपत्र आहे का, ताई?"

ताईचं पॅन कार्ड अजून माहेरच्याच नावाचं होतं. ते बदलून घ्यायला तिच्या घरचे कधीचे मागे लागले होते आणि राहूनच गेलं होतं. त्या दिवशी तेच उपयोगी पडलं. सोबत ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणीचा दाखला लागला, त्यात दोन्हीकडची नावं असतात. दाखला भद्रावतीला कपाटात. जावयांनी फोटो काढून पाठवला, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत प्रिंट काढली. ज्यांच्या घरच्या मुलीच्या नावावर सिम आहे त्यांनी हे दोन कागद आधीच पिशवीत ठेवावेत. आमचे तीन तास त्यात गेले.

त्यानंतर मात्र भराभर झालं. १ जानेवारी २०२४ पासून सिमसाठी कागदी फॉर्म बंद झाले आहेत, सगळं टॅबवर होतं. आधी ताईचा फोटो, तिची सही. मग आईचं आधार मूळ प्रत दाखवून टॅबनं टिपलं. आईचा अंगठा उमटेल की नाही याची मला धाकधूक होती, पण अंगठा मागितलाच नाही. समोर बसवून फोटो घेतला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. आई कॅमेऱ्यासमोर पदर नीट करून बसली. चालू नंबरवर ओटीपी आला, यवतमाळात रेंज असल्यानं तो लगेच मिळाला. नवीन सिमचे पैसे घेतले नाहीत. पडताळणी होऊन दोन-तीन दिवसांत सुरू होईल, असं सांगून सिम हातात दिलं.

जुनं सिम काढण्याआधी एक काम करायला विसरू नका. बटनाच्या फोनमध्ये नावं बहुतेक वेळा सिमवर साठवलेली असतात. आईला वाचता येत नाही, आकडे तेवढे ओळखते. बाबांनी तिच्यासाठी प्रत्येक नावाच्या आधी आकडा टाकून ठेवला होता: १ म्हणजे ताई, २ म्हणजे मी, ३ म्हणजे मामा, ७ म्हणजे दवाखाना. सिम फेकलं असतं तर ते सगळं गेलं असतं. मी दुकानातच बसून ती नावं फोनच्या मेमरीत कॉपी करून घेतली. मेनूमध्ये त्याची सोय असते, पाच मिनिटांचं काम आहे.

६ मेला संध्याकाळी नवीन सिम सुरू झालं. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठीचा नियम आहे, तेव्हा बँकेचं ओटीपीचं काम त्या दिवशी काढू नये.

नंबर आता आईचा होता. राहिली रेंज.

कोणत्या कंपनीकडे जायचं हे ठरवताना जाहिरातींकडे बघितलं नाही. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे टाकावे लागतात, ते बघितले, पण नकाशावर सगळं गाव एकाच रंगात दिसतं. त्यापेक्षा शेजाऱ्यांचे फोन घेऊन आमच्या स्वयंपाकघरात, गोठ्यात आणि शेतातल्या विहिरीजवळ उभं राहून कॉल लावून बघितले. विहिरीजवळचं महत्त्वाचं, कारण सकाळी आई तिकडेच असते. दुसरी गोष्ट आईच्या फोनची. तिचा फोन टू-जी आहे. जिओचं जाळं फोर-जीपासून पुढचंच आहे, त्याचं सिम अशा जुन्या फोनमध्ये चालत नाही. ते घ्यायचं तर फोनही बदलावा लागतो. आईला तिची बटनं बदलायची नव्हती. हे लक्षात न घेता पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून बसलेली माणसं आमच्याच गावात आहेत.

पोर्ट करण्याची रीत अशी. ज्या नंबरचं करायचं त्याच नंबरवरून, इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. रिचार्ज संपलेला असला तरी हा मेसेज गेला पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या दूरसंचार नियामकाचा, आदेश डिसेंबर २०२१ पासून आहे. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेड असेल तर बिल थकलेलं नसावं, नाव बदलण्याचा अर्ज मधेच अडकलेला नसावा. आणि १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे: सिम बदललं असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. आम्ही म्हणूनच १४ मेपर्यंत थांबलो. त्या दिवशी उन्हं उतरल्यावर टाकीच्या पायऱ्यांवरून मेसेज पाठवला आणि दहा मिनिटांत कोड आला.

१५ मेला दारव्ह्याला नवीन कंपनीच्या दुकानात आई आणि मी गेलो. पुन्हा आधार, पुन्हा फोटो. पोर्टिंगचे पैसे घेतले नाहीत, फक्त पहिला रिचार्ज करावा लागला. तिथे दुकानदार रोज दीड जीबी डेटाचा रिचार्ज पुढे करत होता. आईच्या फोनमध्ये इंटरनेटच नाही. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर प्रत्येक कंपनीला फक्त बोलणं आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवावा लागतो, पण तो आपण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. मागितला, मिळाला: ८४ दिवसांचा, साडेचारशेच्या थोडा पुढे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा मागून घ्यावा. जुन्या कंपनीतला टॉकटाइम नव्या कंपनीत येत नाही, तेव्हा असेल तो आधी बोलून संपवावा.

एकाच सर्कलमध्ये पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात. आदिलाबादसारख्या ठिकाणचा, म्हणजे दुसऱ्या सर्कलचा नंबर इकडे आणायचा असेल तर पाच. मध्ये रविवार आला. १९ मेच्या रात्री जुन्या सिमची रेंज गेली, पहाटे नवीन सिम टाकलं तर चार काड्या. आईनं चुलीपाशी बसल्या बसल्या १ दाबलं आणि ताईला उठवलं. "आता टाकीवर जा लागत नाई वो माय," हे तिनं ताईला एकाच फोनमध्ये कितीदा सांगितलं असेल!

बँकेत, आधारवर, गॅसवर कुठेही काही बदलावं लागलं नाही, कारण नंबर तोच राहिला. २ ऑगस्टला पीएम किसानचा विसावा हप्ता आला तेव्हा आई विहिरीजवळ होती आणि मेसेज तिथेच आला.

या सगळ्यात आईच्या नावावरचीही यादी संचार साथीवर काढली होती. तिच्या स्वतःच्या नंबराखेरीज आणखी एक नंबर निघाला, जो आमच्यापैकी कोणाचाच नाही. तिथे प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात: माझा नंबर नाही, माझा आहे पण नको, आणि माझा आहे, हवा आहे. पहिला निवडून तक्रार दिली आहे, तिचा क्रमांक वहीत लिहिला आहे आणि अजून त्यावर काम चालू असल्याचं दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिमं असू शकतात, त्यामुळे एखादं जास्तीचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता काकांचा नंबर राहिला आहे. तोही त्याच ओट्यावर, त्याच मशीनवर पडताळलेला. पोर्टलवर बघितलं तर चुलतभावाच्या नावावर निघाला, तो चाकणला कंपनीत आहे. पोळ्याला तो गावी येणार आहे. त्याला मूळ आधार आणि पॅन दोन्ही आणायला सांगून ठेवलं आहे, आणि काकांच्या सिमवरची नावं मी कालच फोनच्या मेमरीत घेतली.